शिडाच्या बोटीला दुसऱ्याने ठोकलं, दुरुस्तीचे पैसे कसे वसूल करायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन जणांची छोटी शिडाची बोट, तुम्ही स्टारबोर्ड टॅकवर (म्हणजे वारा उजवीकडून लागतोय), पोर्ट टॅकवरून (वारा डावीकडून) आलेला दुसरा थेट तुमच्या कुशीत घुसला, फायबरला भोक पडलं, डोलकाठी वाकली. पाण्यावर तो "सॉरी सॉरी, माझीच चूक, मी भरून देतो" म्हणाला आणि आता तीन आठवड्यांनी म्हणतोय की तुम्हीपण बघत नव्हता, आणि बोट तशीही जुनीच होती. रेस नव्हती, सरावच चालू होता. तर पैसे पूर्ण मिळतील का, आणि मिळवायचे कसे.

छोट्या बोटींच्या नुकसानीचे सर्व्हे मी बरीच वर्षं करतोय, रेसमधल्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रोटेस्ट कमिटीतपण बसलोय, त्यामुळे असली भांडणं दोन्ही बाजूंनी पाहिलीत. चूक कोणाची यावर लोकांना वाटतं तेवढी मारामारी होत नाही. ती होते आकड्यावर. "माझी चूक" हे माणूस ओल्या कपड्यांत एका दमात कबूल करतो, पण बिल हातात पडलं की त्याला एकदम तुमच्या बोटीचं वय आठवतं. त्यामुळे तुमची ताकद आकडा पक्का करण्यात लावा, स्टारबोर्ड स्टारबोर्ड ओरडण्यात नाही.

तरी चुकीचं आधी उरकून टाकू. रेस नसेल तर समुद्रावर टक्कर टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम लागतात, आणि आतल्या पाण्यात बहुतेक ठिकाणी त्याच धर्तीचे स्थानिक नियम असतात. त्यात शिडाच्या बोटींसाठी नियम १२ आहे, दोघांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल तर ज्याला डावीकडून लागतोय त्याने वाट द्यायची, एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याच्या अंगाला जो आहे त्याने द्यायची. म्हणजे वाट त्याने द्यायची होती, यात वाद नाही. पण त्याचं "तुम्हीपण बघत नव्हता" हे अगदीच पोकळ नाहीये. नियम ५ प्रमाणे नजर ठेवणं प्रत्येकाचं काम आहे आणि नियम १७ म्हणतो की हक्क ज्याचा आहे त्यानेसुद्धा, आता समोरच्याच्या एकट्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतकं जवळ आलं की, स्वतः काहीतरी करायचं असतं. छोट्या बोटीत पुढचं शीड वारा जातो त्या बाजूचा अख्खा तुकडा झाकून टाकतं हे तुम्हालाही माहितीये, पोर्टवाला बहुतेक वेळा तिथूनच उगवतो. तुम्ही ओरडलात का, सुकाणू फिरवलंत का, शीड सोडलंत का, हे विचारलं जाणार. आजच लिहून ठेवा, तुम्ही वेगळं आणि तुमच्या जोडीदाराने वेगळं, एकमेकांचं न वाचता. दोघांच्या कागदात शब्द न् शब्द जुळला तर उलट संशय येतो.

दोघांचीही थोडी चूक निघाली तर काय? टकरीवरचा १९१० चा ब्रुसेल्स करार आहे, बऱ्याच देशांच्या कायद्यात तोच उतरलाय. त्यात नुकसान चुकीच्या प्रमाणात वाटायचं, प्रमाण ठरवताच येत नसेल तर निम्मं निम्मं, आणि निव्वळ अपघात किंवा कारणच कळत नसेल तर ज्याचं नुकसान त्याने सोसायचं. इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात, वाटणी दोन्हीकडच्या नुकसानीची होते. समजा तुमचं नुकसान १०० आणि त्याच्या बोटीचं नाक फुटलं ते ३०, आणि वाटणी ठरली ८०-२०. तर तुम्हाला ८० मिळणार पण त्याच्या ३० मधले २० टक्के म्हणजे ६ तुम्ही देणार, हातात ७४. म्हणून त्याच्या बोटीचे फोटोपण काढून ठेवायचे असतात, नाहीतर तीन महिन्यांनी त्या नाकाला असे काही ओरखडे फुटतात जे टकरीच्या दिवशी नव्हतेच.

पाण्यावरचं सॉरी कितपत चालतं? पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण त्यावरच टांगून राहू नका. आणि तो आता फिरलाय म्हणजे लबाडच आहे असंही धरू नका, थर्ड पार्टी विमा असला की विमावाले पहिलं हेच सांगतात की आम्हाला विचारल्याशिवाय काही कबूल करायचं नाही, कबूल केलंस तर तुझं कव्हर अडचणीत येईल. त्यामुळे माणूस गप्प होतो. त्याच्याकडे विमा आहे का आणि कोणाचा, एवढंच शांतपणे विचारा. विमा असेल तर तुमची गाठ त्याच्याशी नाही, एका फाईलशी आहे, आणि फाईलशी बोलणं खूप सोपं जातं.

रेस असती तर हिशोब वेगळा झाला असता. एन्ट्री भरली की तुम्ही आणि बाकीचे सगळे रेसिंगच्या नियमांना बांधले जाता, आणि हे बांधलं जाणं किती खरं आहे ते १८९४ मधे एका यॉटला चांगलंच महागात पडलं. स्कॉटलंडमधे क्लाइडच्या रेसमधे 'सॅटॅनिटा' ने लॉर्ड डनरेव्हनची 'वाल्किरी' बुडवली. त्या काळच्या जहाज कायद्याप्रमाणे मालकाला जबाबदारी टनामागे ८ पौंडांपर्यंत मर्यादित करता येत होती आणि सॅटॅनिटाच्या मालकाने तेच मागितलं. पण एन्ट्री भरताना सगळ्यांनी क्लबचे नियम मान्य केले होते आणि त्यात नियम मोडणारा सगळं नुकसान भरेल असं होतं. १८९७ मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की हा स्पर्धकांचा आपापसातला करार आहे, सगळं भरा. दोघांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता झालेला करार! तर रेसमधे ठोकलं गेलं तर एन्ट्री फॉर्म आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (त्या रेसच्या लेखी सूचना) जपून ठेवा, आणि प्रोटेस्ट वेळेत टाका. प्रोटेस्टने पैसे मिळत नाहीत. रिड्रेस, म्हणजे निकालात भरपाई, मागून मिळतात ते पॉइंट. पण कमिटी जे 'फॅक्ट्स फाउंड', म्हणजे नेमकं काय घडलं ते, लिहून देते ते पुढे विमावाल्यासमोर सोन्यासारखं असतं, कारण दोघांची बाजू ऐकून तिसऱ्याने त्याच दिवशी लिहिलेलं असतं. मात्र समोरच्याने पेनल्टी घेतली किंवा रेस सोडली म्हणजे त्याने पैशाची जबाबदारी घेतली असं नाही, अमेरिकेच्या सेलिंग संघटनेने तर हे नियमाला जोडून स्पष्ट लिहूनच ठेवलंय. मोठं नुकसान केलं की रेस सोडणं हीच त्याची पेनल्टी असते, बिचारा नियम पाळतोय.

आता खरं काम, आकडा.

तुम्ही भोकाचा फोटो पाठवलाय, एकच, जवळून, आणि भोक मुठीएवढं आहे की ताटाएवढं हेही त्यात कळत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून परत काढा, मग लांबून पूर्ण बोट येईल असा, मग आतून. मग एक नाणं घ्या आणि भोकापासून बाहेर बाहेर ठोकत जा. धड लॅमिनेट (फायबरचे चिकटलेले थर) टणटण वाजतं, थर सुटलेत तिथे आवाज बसतो, थपथप येतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत जा, शेवटी खुणा जोडा. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण दचकतो, खुणेचं वर्तुळ भोकाच्या तिप्पट निघतं. त्या वर्तुळाचा फोटो हा तुमच्या क्लेममधला सगळ्यात महत्त्वाचा कागद. वरच्या जेलकोटवर ताऱ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्याही धरा, पण खाली आवाज टणटणीत असेल तर त्या नुसत्या कोटाच्याच असू शकतात, उगाच ताणू नका, समोरचा सर्व्हेअरपण नाणं घेऊनच येणारे.

मग दुसरी बाजू बघा. ठोकलं डावीकडून, पण डोलकाठीला धरणाऱ्या तारांवर झटका दोन्हीकडे बसतो. उजव्या बाजूची चेनप्लेट (तार अडकवायची पट्टी) जिथे डेकमधे शिरते तिथे बारीक फट पडलीये का, डेक आणि खालचं अंग जिथे जोडलंय ती शिवण उघडलीये का, मास्टच्या बुडाशी काही दबलंय का. तारांच्या टोकाची दाबलेली फिटिंग भिंगाने बघा. डोलकाठी काढून दोन घोडींवर आडवी ठेवा, शिडाच्या खाचेवरून एक दोरा ताणा, किती मिलिमीटर बाक आहे तो मोजा. "डोलकाठी वाकली" यावर भांडण होतं, "मधोमध ३५ मिलिमीटर" यावर होत नाही. हवेच्या टाक्यांची झाकणं उघडा, पाणी आहे का बघा.

आणि वजन करा. खरंच करा, आत्ता, आणि दुरुस्तीनंतर परत. फायबरची दुरुस्ती म्हणजे भोकाला बूच लावणं नाही, कडा तिरक्या घासून थरावर थर चढवावे लागतात, नेहमीचं प्रमाण १२ ला १, म्हणजे ३ मिलिमीटरच्या अंगाला चहूबाजूंनी ३६ मिलिमीटर घासायचं. मुठीएवढं भोक म्हणूनच ताटाएवढं होतं, आणि तुमच्या पोर्टवाल्याला "एवढ्याशा भोकाला एवढं बिल?" वाटतं ते याच्यामुळे. कोटेशनमधे हे एका ओळीत लिहून घ्या. तिथे नवं कापड आणि रेझिन चढलं की बोट जड होते. ऑप्टिमिस्टचं (मुलांची एकट्याने चालवायची छोटी रेसची बोट) हल, म्हणजे नुसतं अंग, ३५ किलोच्या खाली चालत नाही, आणि चांगल्या बोटी त्या आकड्याला चिकटून असतात म्हणूनच त्यांना भाव असतो, त्यात दीड-दोन किलो वाढले तर दुरुस्ती कितीही सुबक झाली तरी रेसिंगवाला घेणारा हात मागे घेतो. हा फरक मागता येतो, पण आधीचं वजन लिहिलेलं असेल तरच. जुनं मेजरमेंट सर्टिफिकेट असेल तर शोधा.

"बोट जुनी होती" याचं उत्तर आता. यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी होते. तुम्ही तुमच्या स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला तर शिडं, कव्हरं, ओढायच्या दोऱ्या यांच्या नव्या किमतीतून बऱ्याचदा एक तृतीयांशापर्यंत कापतात, कारण पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं. पण ज्याने ठोकलं त्याच्याकडून मागताना तुमची पॉलिसी मधे येत नाही. इंग्लंडच्या ॲडमिरल्टी कोर्टात १८४४ मधे 'गझेल' नावाच्या जहाजाच्या खटल्यात हाच मुद्दा आला होता, नव्याच्या बदल्यात जुनं म्हणून विम्यासारखा एक तृतीयांश कापा म्हणून. कोर्ट म्हणालं नाही, नुकसान झालेल्याला पूर्ववत करायचंय, आणि त्यासाठी नवीनच वस्तू लावावी लागत असेल तर त्यात त्याचा थोडा फायदा झाला तरी ते चुकणाऱ्याच्या वाट्याचं. वाकलेली डोलकाठी सरळ करून चालत नाही, अर्ध्या वयाची बाजारात मिळत नाही, तर नवीनच लागणार, आणि ती तुम्ही हौसेने घेतलेली नाहीये. प्रत्येक देशात कोर्ट इतकंच ठाम असेल असं नाही, पण बोलणी इथून सुरू करा, त्याच्या तृतीयांशापासून नको.

शीड मात्र वेगळं. चार सीझन वापरलेलं, कापडाचा कडकपणा गेलाय असं शीड फाटलं आणि तुम्ही नव्याचे पूर्ण पैसे मागितले तर तुमच्या बाकीच्या खऱ्या मागण्यापण संशयात येतात. शिडं जुनी बाजारात मिळतात, भाव ठरलेला असतो, तोच लावा. त्याने न मागताच. विमावाल्याचा सर्व्हेअर यादी वरून खाली वाचतो आणि पहिली फुगवलेली ओळ दिसली की पेन काढतो, मी स्वतः तेच करतो. उलट तुम्ही स्वतःहून एखादी ओळ कमी केली असेल तर उरलेल्यांवर तो फारसा अडत नाही.

आणखी काय मागायचं? सर्व्हेची फी, बोट वर्कशॉपला न्यायचा-आणायचा खर्च, वर्कशॉपमधे ठेवण्याचं भाडं, आणि भरलेली पण आता फुकट जाणारी स्पर्धेची फी. बोट नसल्याने दुसरी भाड्याने घेतली तर त्याची पावती. नुसतंच "माझा सीझन वाया गेला" याचे पैसे हौशी सेलरला क्वचित मिळतात. मनस्ताप वगैरे लिहू नका. आणि नुकसान वाढू न देणं हे तुमचंच काम आहे, म्हणजे गोड्या पाण्याने धुवायचं, आतून कोरडं करायचं, भोकावर झाकण लावायचं, बोट उन्हापावसात उघडी टाकून तीन आठवड्यांत आतला फोम भिजला असेल तर त्या फोमचे पैसे मागताना तुम्हीच अडकणार. आजवर काय केलंत माहीत नाही, केलं नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ते करून या.

दुरुस्तीचा आकडा बोटीच्या टकरीआधीच्या किमतीच्या वर जात असेल तर दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत, बोटीची किंमत मिळते, वजा उरलेल्या सांगाड्याचे. किंमत म्हणजे तशीच, त्याच वयाची, तेवढ्याच सामानासकट दुसरी घेऊन तुमच्या पाण्यापर्यंत आणायला जे लागेल ते. तशा चार-पाच विक्रीच्या जाहिराती आत्ताच सेव्ह करा, नंतर त्या गायब होतात.

स्वतःचा विमा असेल तर त्यांना आधी कळवा, पॉलिसीत कळवायची मुदत छोटी असते. सोपा रस्ता म्हणजे त्यांच्याकडून घ्यायचे आणि त्यांनी समोरच्याच्या मागे लागायचं, पण एक्सेस (क्लेममधला तुम्ही भरायचा हिस्सा) आणि नो-क्लेम बोनसचं नुकसान तुमच्या खिशातून जातं, ते वेगळं मागावं लागतं. आणि एकदा का त्यांच्याकडे क्लेम टाकला की समोरच्याशी परस्पर तोडपाणी करायचं नाही, वसुलीचा हक्क आता त्यांचापण आहे, तुम्ही तो सोडून दिलात तर ते तुमचेच पैसे अडवतील. रेसिंग करणाऱ्यांनी इथे एकदा पॉलिसी उघडून बघा, रेस चालू असताना डोलकाठी आणि शिडं बऱ्याच पॉलिसीत आपोआप धरलेली नसतात, जास्तीचा हप्ता भरून घ्यावी लागतात.

मग पत्र. लांबलचक नको, वकिली नको. साधारण असं: "अमुक तारखेला इतक्या वाजता, वारा अमुक दिशेचा, मी स्टारबोर्ड टॅकवर असताना पोर्ट टॅकवरच्या तुमच्या बोटीचं नाक माझ्या बोटीच्या डाव्या बाजूला धडकलं. सोबत फोटो, दोन साक्षीदारांची निवेदनं, दोन कोटेशन्स आणि खर्चाची यादी. बोट अमुक दिवसांपर्यंत अमुक ठिकाणी तपासायला ठेवली आहे, तोवर दुरुस्ती सुरू करणार नाही. हे तुमच्या विमा कंपनीला पाठवा किंवा त्यांचा पत्ता मला द्या." शेवटून दुसरं वाक्य विसरू नका, तपासायची संधी दिली नाही म्हणून चांगले चांगले क्लेम कापले गेलेत. आणि सुकाणूवर जो होता तो आणि बोटीचा मालक वेगळे असतील तर पत्र दोघांना, कारण उसनी घेतलेली बोट असली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

उत्तर आलं नाही तर छोट्या दाव्यांचं कोर्ट किंवा दिवाणी कोर्ट, जे तुमच्याकडे असेल ते, पण घाईची गरज नाही तसा निवांतपणाही नको. १९१० च्या करारात टकरीच्या दाव्याला टकरीच्या तारखेपासून २ वर्षं आहेत, तुमच्या इथे यापेक्षा कमी असू शकतं. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. "देतो, देतो" म्हणत दीड वर्ष काढणारे लोक मी पाहिलेत आणि त्यातल्या काहींना तारीख नीट ठाऊक होती.

खाली एकाने विचारलंय त्याचं पटकन, बोट उभी असताना वादळात शेजारची उडून अंगावर आली तर. तो म्हणणार वारा, माझा काय दोष. बाकीच्या बोटी जागेवर होत्या का ते बघा. दहा बांधलेल्या जागेवर आणि एकच उडाली असेल तर तो वारा नाही, ती दोरी आहे. वादळाचा अंदाज आदल्या दिवशी आलेला असेल तर तोही काढून ठेवा, आणि त्याची तुटलेली दोरी, किंवा दोरी नसलेली कडी, फोटोत पकडा, सकाळी सातच्या आत, आठला तो नवीन दोरी घेऊन येतो.

परत तुमच्याकडे. तो किंवा त्याचा विमावाला बहुतेक एका रकमेवर येईल आणि 'पूर्ण व अंतिम' असा कागद पुढे करेल. रक्कम बरी असली तरी वर्कशॉपने कडा घासून आत बघेपर्यंत सही करू नका, कारण भोकाच्या मागे सेंटरबोर्डच्या (बोटीखाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा जोड आहे आणि तो सुटलाय की नाही हे घासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. पैशाची नड असेल तर तेवढ्यापुरते पैसे घ्या आणि कागदावर "सध्या दिसणाऱ्या नुकसानीपोटी" लिहून घ्या. आणि ती वाकलेली डोलकाठी अजून भंगारात दिली नसेल तर देऊ नका, नवीचे पैसे देणारा कधी कधी जुनी मागतो, आणि तेव्हा ती दाखवता आली नाही तर त्याला तेवढंच निमित्त पुरतं.